जुन्या पिकअप गाडीचे धुरांडे कसे सुधारावे?

बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील बीबी हे गाव मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसले आहे. दसऱ्याच्या सुमारास या पट्ट्यात सोयाबीनची मळणी सुरू होते, तिच्या पाठोपाठ कापसाची वेचणी येते आणि पुढे तुरीचे खळे लागते. या दिवसांत शेतापासून बाजारापर्यंत मालाची ने-आण करणारी जी वाहने रस्त्यावर दिसतात, त्यांत जुन्या पिकअप गाड्याही असतात. अशा गाडीचा रंग उडालेला असतो, हौद्याच्या फळ्या दोनदा बदललेल्या असतात, परंतु इंजिन अजून चालते. म्हणून मालक ती मोडीत काढीत नाही. घरच्या जनावराप्रमाणे तिची निगा राखली जाते. तेल बदलले जाते, टायर पाहिले जातात, पाट्यांना वंगण दिले जाते. मात्र गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या धुराच्या नळीकडे सहसा कोणी वाकून पाहत नाही. ती गळू लागली तर गाडीत बसलेल्या माणसांच्या जिवाला, हौद्यातील मालाला आणि इंजिनाच्या आयुष्यालाही धोका पोचतो. या दुर्लक्षित भागाची तपासणी व सुधारणा कशी करावी, याचा विचार येथे केला आहे.

गाडी आली कोठून?

एके काळी वऱ्हाडातील कापूस बैलगाड्यांनी खामगावच्या बाजारात जात असे. १८७० साली जलंब ते खामगाव हा लोहमार्ग सुरू झाला आणि तेथून पुढचा प्रवास रेल्वेने होऊ लागला. परंतु शेत ते बाजार ही वाट पुढेही दीर्घकाळ बैलांच्याच खांद्यावर राहिली. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने स्वातंत्र्यानंतर विलीस जीप जोडण्यास आरंभ केला. १९५८ साली बजाज टेम्पो कंपनी निघाली. पुढे जीपच्या धर्तीच्या सांगाड्यावर मागे उघडा हौदा बसविलेली पिकअप गाडी खेड्यापाड्यांत पोचली. आरंभीच्या जीप गाड्यांना पेट्रोल इंजिन होते. नंतरच्या काळात डिझेल इंजिनाच्या गाड्या रूढ झाल्या. जुन्या डिझेल गाड्यांची इंजिने बहुधा टर्बोविरहित, साधी आणि दणकट आहेत. साधेपणामुळे त्यांची दुरुस्ती गावात होऊ शकते. पण त्याच साधेपणामुळे कोणीही त्यांत मनाजोगता फेरफार करू पाहतो.

धुराच्या नळीचे काम

बोलीभाषेत या साऱ्या मांडणीलाच सायलेन्सर म्हणतात. वस्तुतः तिचे चार भाग आहेत. इंजिनाला चिकटून बिडाचा मॅनिफोल्ड असतो. तो सर्व सिलिंडरांतील जळका वायू एकत्र करतो. त्याला फ्लँज व गॅस्केटच्या साहाय्याने पुढची नळी जोडलेली असते. मध्ये सायलेन्सरचा डबा येतो. त्यातील भोके पाडलेल्या नळ्या व पडदे वायूचे धक्के मोडून आवाज कमी करतात. शेवटी मागची नळी धूर गाडीबाहेर सोडते.

या नळीवर किती भार पडतो, हे एका हिशेबाने कळेल. दोन लिटर क्षमतेचे फोर स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३,००० फेरे फिरत असता तेवढ्या वेळात अडीच ते तीन हजार लिटर हवा ओढते. पूर्ण ओझ्यावर मॅनिफोल्डजवळचा वायू ५०० अंश सेल्सिअस व त्याहूनही अधिक तापतो आणि उष्णतेमुळे अडीच ते तीन पट फुगतो. एवढा वायू सतत बाहेर पडला पाहिजे. नळी कोठे चेपली असेल किंवा डब्यात काजळी साचली असेल, तर पिस्टनला तो जोर लावून ढकलावा लागतो. काही जळका वायू आतच राहतो, ताज्या हवेला तेवढी जागा कमी मिळते, डिझेल पुरते जळत नाही आणि चढावर गाडी दमते.

'ओढ' वाढविण्याचा गैरसमज

गॅरेजात पुष्कळदा असा संवाद ऐकू येतो. तरुण मालक म्हणतो, "मिस्त्रीकाका, हा डबा काढूनच टाका. गाडीला ओढ येईल आणि डिझेलही कमी लागेल." अनुभवी मिस्त्री उत्तर देतो, "ओढ येणार नाही भाऊ, आवाज येईल. आणि आवाज ऐकून तुम्हांला वाटेल की ओढ आली."

मिस्त्रीचे म्हणणे खरे आहे. टर्बो नसलेल्या जुन्या डिझेल इंजिनाची शक्ती मुख्यतः आत जाणाऱ्या हवेवर आणि डिझेलच्या योग्य फवाऱ्यावर अवलंबून असते. चोंदलेला डबा बदलून चांगला डबा बसविला, तर गमावलेली शक्ती परत मिळते. परंतु धड असलेला डबा काढून टाकल्याने जाणवण्याजोगी नवी शक्ती मिळत नाही. तोटे मात्र पुष्कळ होतात. धूर गाडीच्या मध्यावरच सुटतो, उष्ण झोत हौद्याच्या फळ्यांखाली लागतो आणि आवाजाने चालकाचे कान जातात. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाकाठी ८ तासांपर्यंत सोसावा, त्यापुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी धरावी, असे कामगार-आरोग्याचे एक मान्य प्रमाण आहे. म्हणजे ८८ डेसिबलला ४ तास आणि ९१ डेसिबलला केवळ २ तास. गेलेली श्रवणशक्ती औषधाने परत येत नाही.

गळक्या नळीचे दोन शत्रू

पहिला शत्रू विषारी वायू. जळक्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक आसक्तीने जोडला जातो. त्यामुळे श्वास चालू असूनही शरीर प्राणवायूवाचून तडफडते. डोके दुखणे, चक्कर येणे, मळमळणे व गुंगी येणे ही त्याची लक्षणे आहेत. चालकाला ती थकव्यासारखी वाटतात आणि तो गाडी तशीच पुढे नेतो. पेट्रोल गाडीत हा वायू अधिक असतो, डिझेल गाडीत कमी. तथापि डिझेलच्या धुरात बारीक काजळी व नायट्रोजनची संयुगे असतात. डिझेलचा धूर मनुष्यास कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केले आहे.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. गाडी पुढे धावत असता तिच्या सपाट पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि मागे सोडलेला धूर उलट हौद्याकडे ओढला जातो. हौद्यावर ताडपत्री टाकलेली असली तर तो आतच कोंडतो. मालवाहू गाडीत मजूर बसविणे मुळातच नियमबाह्य व धोक्याचे आहे. वेचणीच्या दिवसांत बायाबापड्यांना ताडपत्रीखाली बसवून नेणारी आणि वरून गळक्या सायलेन्सरची गाडी हा दुहेरी अपघात आहे. कोणास गुंगी आल्यास त्याला तत्काळ मोकळ्या हवेत न्यावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

दुसरा शत्रू आग. कापूस सुमारे ४०० अंश सेल्सिअसला आपोआप पेट घेतो. वाळलेला पाला व कुटार त्याहून कमी उष्णतेतही धुमसू लागते. जोड सुटलेल्या नळीतून फळ्यांखाली सतत झोत लागला, किंवा शेतातून येताना सोयाबीनचे कुटार नळीवर अडकून राहिले, तर पेट घेण्यास वेळ लागत नाही. कापसाची आग आत धुमसते, बाहेरून दिसत नाही. ज्वाळा दिसू लागतात तोवर वर्षाची कमाई हातची गेलेली असते. म्हणून शेतातून बाहेर पडताना नळीवरील काडीकचरा काढावा, तापलेली गाडी वाळल्या गवतावर किंवा गंजीजवळ उभी करू नये आणि गाडीत कोरड्या भुकटीचे अग्निशामक नळकांडे ठेवावे.

तपासणी कशी करावी?

तपासणी सकाळी, इंजिन थंड असताना आणि उघड्या जागेत करावी. गाडी सपाट जमिनीवर उभी करून चाकांना उटी लावावी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कदापि जाऊ नये. भक्कम स्टँडचा आधार द्यावा. नंतर पुढील क्रमाने पाहावे.

(१) मॅनिफोल्ड व पुढच्या नळीच्या जोडावर काळ्या काजळीचे फटकारे दिसतात काय? दिसल्यास गॅस्केट गेले आहे असे समजावे.

(२) डब्याच्या शिवणीवर व तळाशी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकावे. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत आहे. बद्द आवाज आला तर तो आतून सडला आहे.

(३) नळी लटकविणारे रबर तुटले आहेत काय आणि नळी कोठे सांगाड्याला घासते काय?

(४) डिझेलची नळी धुराच्या नळीपासून किती अंतरावर आहे? नियमाप्रमाणे हे अंतर किमान ३५ मिलिमीटर हवे. उष्णतेचा विचार करता अधिक ठेवणे बरे.

(५) शेवटी इंजिन सुरू करून, नळी तापण्यापूर्वी, जाड ओल्या फडक्याने मागचे तोंड क्षणभर दाबावे. जोडांतून फुसफुस ऐकू आली तर तेथे गळती आहे.

सायलेन्सर आतून का सडतो?

पुष्कळांना वाटते की पावसाच्या पाण्याने व चिखलाने नळी गंजते. ते खरे असले तरी अर्धेच खरे आहे. एक लिटर डिझेल जळले की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. लांबच्या प्रवासात ही वाफ बाहेर निघून जाते. घरापासून शेतापर्यंतच्या दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत मात्र डबा पुरता तापत नाही. वाफेचे पाणी होऊन ते आत साचते. पूर्वीच्या डिझेलमध्ये गंधक अधिक असे, त्यामुळे हे पाणी आम्लयुक्त होऊन पत्रा लवकर खात असे. एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत १० भाग इतकी खाली आली आहे. त्यामुळे आम्लाचा त्रास घटला, पाण्याचा मात्र राहिला. म्हणून डब्याच्या सर्वांत खालच्या जागी असलेले निचऱ्याचे बारीक छिद्र लांबी किंवा वेल्डिंगने बुजवू नये, आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी पुरती तापेल इतकी चालवावी.

सुधारणा करताना

नळीचा व्यास. मूळ व्यासाच्या जवळपास राहावे. मूळ नळी पावणेदोन इंची असेल तर दोन इंचीपर्यंत जाण्यास हरकत नाही. त्याहून मोठी नळी घेतल्यास आवाज व वजन वाढते, लाभ होत नाही. व्यासापेक्षा वळणांकडे अधिक लक्ष द्यावे. नळी तशीच वाकविली की वळणावर चेपते आणि तेथेच वायू अडतो. तयार बेंड जोडून घेणे उत्तम. ते न मिळाल्यास नळीत वाळू ठासून भरावी, नळी तापवावी व सावकाश वाकवावी. वाळू अगदी कोरडी असावी. ओल्या वाळूतील वाफेने नळी फुटून इजा होते.

धातू. साधा पोलादी पाईप स्वस्त पडतो, परंतु लवकर गंजतो. ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला पत्रा अधिक टिकतो. स्टेनलेस पोलादात ४०९ व ३०४ या दोन जाती या कामी वापरतात. ४०९ मध्ये सुमारे ११ टक्के क्रोमियम असते व त्याला लोहचुंबक चिकटते. ३०४ मध्ये क्रोमियम सुमारे १८ टक्के व निकेल ८ टक्के असते आणि त्याला लोहचुंबक सहसा चिकटत नाही. दुकानदार जो माल ३०४ म्हणून देतो तो चुंबक लावून पाहावा. जुन्या मालवाहू गाडीला ४०९ पुरेसा आहे.

बोअरचा जुना पाईप वापरू नये. घरी पडलेला जस्ताचा मुलामा असलेला जी.आय. पाईप सायलेन्सरसाठी वापरण्याचा मोह अनेकांना होतो. वेल्डिंग करताना त्यातील जस्त जळून जो पांढरा धूर निघतो, त्याने वेल्डरला थंडीताप भरतो व छाती दुखते. शिवाय हा पाईप गरजेपेक्षा जड असतो. त्याच्या ओझ्याने रबर व फ्लँज तुटतात.

जोड व टांगणी. इंजिन रबरी पायांवर डोलत असते, सांगाडा मात्र स्थिर असतो. नळी सांगाड्याला पक्की वेल्ड केली तर तो ताण मॅनिफोल्डवर येऊन बीड तडकते. म्हणून नळी रबरावरच टांगावी, आणि शक्य असल्यास पुढच्या भागात विणीच्या जाळीचा लवचीक तुकडा घालावा. जुने स्टड खोलण्याच्या आदल्या रात्री त्यांवर गंज सोडविणारे तेल टाकून ठेवावे. नवे गॅस्केट घालून नट आळीपाळीने सारखे आवळावेत. पितळी नट वापरल्यास ते पुढे जाम होत नाहीत. पहिल्या फेरीनंतर गाडी थंड झाली की नट पुन्हा आवळावेत.

धुराचे तोंड. मागची नळी हौद्याच्या मागील कडेच्या बाहेर थोडी काढावी. धूर खाली किंवा डावीकडे सोडू नये. मागे किंवा उजवीकडे सोडावा, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांचा दंडक आहे. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात आणि पायी जाणारी माणसे त्याच कडेला असतात, हे लक्षात घेतले म्हणजे या नियमाचे मर्म कळते.

उष्णतेची ढाल. हौद्याला लाकडी फळ्या असतील तर नळी व फळ्या यांच्यामध्ये पत्र्याची ढाल बसवावी. ढाल नळीला किंवा फळीला चिकटू नये. दोन्हीकडे हवा खेळेल इतकी फट ठेवावी. ही हवाच खरी उष्णतारोधक असते. फार जुन्या गाडीत नळीवर गुंडाळलेली करडी दोरी किंवा कापड ॲस्बेस्टॉसचे असू शकते. ते कोरडे खरवडू नये. त्याचे तंतू फुप्फुसांत जाऊन असाध्य रोग होतात. ते पाण्याने पुरते भिजवावे, तोंडाला योग्य मास्क लावून अखंड काढावे आणि बंद पिशवीत ठेवून सुरक्षित विल्हेवाटीची व्यवस्था करावी.

वेल्डिंगची दक्षता. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा काढाव्यात, नाहीतर अल्टरनेटर जळण्याची भीती असते. हौदा झाडून रिकामा करावा. डिझेलच्या टाकीजवळ किंवा नळीजवळ वेल्डिंग करावे लागत असेल तर तो भाग खोलून बाहेर काढूनच करावे. पाण्याची बादली व वाळू हाताशी ठेवावी.

धुराचा रंग काय सांगतो?

नवे सायलेन्सर बसवूनही धूर कमी झाला नाही, तर दोष नळीत नसून इंजिनात आहे. काळा धूर म्हणजे डिझेल अधिक व हवा कमी. अशा वेळी प्रथम एअर फिल्टर झाडावा, मग नोझल व पंप तपासून घ्यावा, आणि गाडीवर क्षमतेबाहेर माल नाही ना हेही पाहावे. निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल जळते. रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील झिजलेले असतात. पांढरा धूर सकाळी क्षणभर दिसल्यास चिंता नाही. पण गाडी तापल्यावरही तो राहिला आणि रेडिएटरचे पाणी घटू लागले, तर हेड गॅस्केट पाहावे. दम्याच्या रोग्याला नुसते नवे उपरणे देऊन भागत नाही, तसेच हे आहे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाने ठरविलेल्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करता येत नाही. गळकी नळी बदलून तशाच प्रकारची नळी बसविणे ही दुरुस्ती होय. डबा काढून टाकणे हा फेरफार होय. धूर सायलेन्सर टाळून बाहेर सोडणाऱ्या कट-आऊटला २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४-फ प्रमाणे प्रथम १,००० रुपये व पुन्हा सापडल्यास २,००० रुपये दंड आहे. आवाज व धुराची मानके मोडल्यास कलम १९० प्रमाणे पहिल्या गुन्ह्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. बीएस-४ पूर्वीच्या डिझेल गाडीच्या धुराची मर्यादा ६५ हार्टरिज एकके आहे, बीएस-४ गाडीस ५०. जुन्या गाडीचे पी.यू.सी. प्रमाणपत्र सहा महिने चालते. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत धूर गाळणारी व शुद्ध करणारी यंत्रणा असते. जुन्या गाडीचे हे उपाय तिला लावू नयेत व तिचा कोणताही भाग काढू नये.

ग्रामपातळीवर काय करता येईल?

हंगामापूर्वीच्या एका गावसभेत ग्रामपंचायत अधिकारी किंवा सहायक कृषी अधिकाऱ्याने हा विषय घ्यावा. जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील वेल्डिंग व मोटार दुरुस्तीच्या निदेशकांना बोलवावे. एका पटांगणात गावातील पिकअप, जीप व ट्रॅक्टर उभे करून वर सांगितलेली पाच कलमी तपासणी प्रत्यक्ष करून दाखवावी. मळणीयंत्राला जोडलेल्या ट्रॅक्टरच्या धुराच्या नळीला ठिणगीरोधक जाळी आहे काय, हेही त्याच वेळी पाहावे. कारण खळ्यावरील आगीला एक ठिणगीही पुरते.

सर्व कामे एकाच वेळी करण्याइतका पैसा हाती नसेल तर क्रम असा ठेवावा. आधी गळणारे गॅस्केट व जोड, मग तुटलेले रबर, त्यानंतर हौद्याखालची ढाल, आणि शेवटी डबा व नळी. पहिल्या दोन कामांना लागणारा खर्च थोडा आहे आणि धोक्याचा मोठा भाग त्यांनीच टळतो.

बैलाचे खूर झिजले की शेतकरी त्याला नाल मारल्यावाचून वाटेला लावीत नाही, मग हातातले काम कितीही निकडीचे असो. जुन्या पिकअपलाही तोच न्याय लावावा. कापसाची पहिली खेप भरण्यापूर्वी एक सकाळ काढून गाडीखाली वाकून पाहावे. माल सुरक्षित बाजारात पोचावा आणि माल नेणारा माणूस धडधाकट घरी परतावा, एवढ्यासाठी ही सकाळ खर्ची घालणे योग्यच होय.